चालायला लागलेलं मूल आणि मांजराचं पिल्लू: दोघांना एका घरात कसं सांभाळायचं

संध्याकाळचे सहा वाजले की आमच्या घरात रोज तेच. दीड वर्षाची लेक दिवसभराच्या दमणुकीने किरकिरी झालेली, आणि नेमकं तेव्हाच ठिपक्याच्या अंगात वारं शिरलेलं. ठिपका म्हणजे आमचं मांजराचं पिल्लू, तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचं. तो सोफ्यावरून पडद्यावर, पडद्यावरून धपकन खाली, आणि त्याच्यामागे "माऊ, माऊ" करत दोन्ही हात पसरून धावणारी ही. एकदा तिने त्याला कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत गाठलं. ठिपक्याचे कान मागे चपटे झाले, डोळ्यांतल्या बाहुल्या पसरून डोळे काळेभोर दिसायला लागले, आणि मी हातातलं काम टाकून पोचेपर्यंत तिच्या मनगटावर तीन बारीक लाल रेघा उमटल्या होत्या. ती रडत होती, तो सांदीत अंग चोरून थरथरत होता.

रात्री ती झोपल्यावर मी त्या सांदीसमोर जाऊन बसले. तिथून बाहेर पडायला एकच बाजू होती आणि त्या बाजूला माझी लेक उभी होती. पळायला वाट असली की मांजर पळतं. वाट बंद झाली की पंजा मारतं. घराची मांडणी, मुलीची शिकवण, पिल्लाचा खेळ, दिवसाचं वेळापत्रक, सगळं मी पुढे या एका गोष्टीभोवती बसवलं. तेच इथे क्रमाने सांगते.

पिल्लू आणण्याआधी

आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडलेलं पिल्लू घेऊ नका, आणि थांबता आलं तर बारा आठवड्यांपर्यंत थांबा. पिल्लं भावंडांशी मस्ती करताना चावण्याचं माप शिकतात. जोरात चावलं की समोरचं पिल्लू ओरडतं आणि खेळ सोडून निघून जातं, म्हणजे पुढच्या वेळी दात हलके लागतात. हा धडा चुकलेलं पिल्लू तुमच्या मुलाच्या हातावर तो गिरवतं. दुसरं म्हणजे, साधारण दोन ते सात आठवडे या काळात पिल्लू माणसांना सरावतं. त्या वयात त्याला माणसांनी रोज हाताळलं होतं का, त्या घरात लहान मुलं होती का, हे जरूर विचारा.

मूल दोन वर्षांच्या आतलं असेल आणि घरात दिवसभर एकच मोठं माणूस असेल, तर पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचं शांत, मुलांना सरावलेलं मांजर बरं, असं माझं मत आहे. पण पिल्लू आधीच घरात आलं असेल किंवा मन त्याच्यावर बसलं असेल तर पुढचं वाचा.

पहिल्याच आठवड्यात प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतं, दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत चालतं, आणि रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर देतात. जंताचं औषध आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला लागतं. घरात जमिनीवर रांगणारं, हात तोंडात घालणारं मूल असताना जंताच्या औषधाची तारीख चुकवू नका, कारण मांजराचे काही जंत माणसांच्या मुलांनाही होतात. पिसवांचंही तसंच. एक प्रकारचा चपटा जंत पिसू चुकून गिळल्यानेच मुलांच्या पोटात जातो. पिसवांचं औषध डॉक्टरांनी मांजरासाठी दिलेलंच वापरा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं.

पहिला आठवडा: एक बंद खोली

पिल्लाला आल्या आल्या सगळं घर दाखवायची घाई करू नका. एक खोली त्याची. त्यात खाणं, पाणी, शी-शूसाठी माती किंवा लिटर (मांजरांसाठी मिळणारी वाळू) भरलेला ट्रे, अंथरूण आणि लपायला एखादा आडवा ठेवलेला खोका. खोक्याला दोन तोंडं कापा, एक शिरायला आणि एक निसटायला.

मुलाला पहिले दोन दिवस त्या खोलीच्या दाराशी, मांडीवर घेऊन बसा. पाच मिनिटं पुरतात. पिल्लू खोक्यातून नुसतं बघत असेल तर तेवढंच. या दिवसांत मुलाला एक सवय लागते आणि ती पुढे फार उपयोगी पडते: माऊकडे आपण जायचं नाही, ती येईपर्यंत बसायचं. आमच्याकडे चौथ्या दिवशी ठिपका स्वतःहून आला आणि लेकीच्या पायमोज्याला नाक लावून परत गेला. तिने श्वास रोखून धरला होता.

पिल्लू आपणहून खोलीभर हिंडायला लागलं, पोटभर खायला लागलं, ट्रे नीट वापरायला लागलं की मग दार उघडायचं.

गुडघ्यावर बसून घर बघा

आता घराची तपासणी. ही उभ्याने होत नाही. गुडघ्यावर बसा, हात टेकवा आणि खोलीखोलीतून फिरा. मुलाची नजर आणि पिल्लाची नजर याच उंचीवर आहे, फक्त पिल्लाला त्यात उडी जोडलेली आहे. मोठं झालेलं मांजर आपल्या उंचीच्या पाच-सहापट उंच उडी मारतं, म्हणून "वर ठेवलंय" हा दिलासा मुलापुरताच खरा. पिल्लू वरची वस्तू खाली ढकलतं आणि खाली मूल ती उचलून तोंडात घालतं. दोघं मिळून करतात ते एकट्याने कधीच झालं नसतं, आणि घर तपासताना लोक हीच जोडी विसरतात.

जी वस्तू कुणाच्याच हाती लागू नये ती बंद कपाटात, कडी लावून. औषधं सगळ्यात आधी. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, मग ती कुणी प्रेमाने भरवलेली असो वा जमिनीवर सांडलेली. बटणासारखे चपटे सेल मुलाने गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. रिमोट, खेळणी, वजनकाटा, जिथे जिथे असे सेल आहेत तिथलं झाकण स्क्रूने घट्ट आहे ना ते पाहा, कारण पिल्लाने टेबलावरून पाडलेला रिमोट फुटला की सेल थेट मुलासमोर येतो. फुलदाणीत लिलीची फुलं असतील तर आजच बाहेर काढा. पानं, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. मांजराच्या नुसत्या अंगावर सांडलेला परागही ते चाटून पोटात घेतं.

दोरा, लोकर, रिबन, केसांचे रबर यांचं थोडं सविस्तर सांगते. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच ओढला जातो. आतड्यात अडकला तर शस्त्रक्रिया करावी लागते. तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका, कापूही नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. आणि हाच दोरा मुलाच्या गळ्याभोवतीही गुंडाळला जाऊ शकतो, तेव्हा पडद्यांच्या दोऱ्या आत्ताच उंच बांधून टाका.

बादलीत पाणी ठेवू नका, कमोडचं झाकण लावा. चार-पाच सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं आणि पिल्लाचंही तेच. खिडक्यांना मजबूत जाळी हवी, डासांची जाळी मांजराच्या वजनाने फाटते. कपडे धुण्याचं यंत्र सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी आत हात फिरवा, कारण उबदार कपड्यांत पिल्लाला गाढ झोप लागते.

मग वाटा. मला विचाराल तर संपूर्ण घराच्या मांडणीत हे काम सगळ्यात मोलाचं. प्रत्येक खोलीत पिल्लाला मुलाच्या हाताबाहेर जाता येईल अशी एक तरी उंच जागा द्या: भिंतीला स्क्रूने बसवलेली फळी, कपाटाचा माथा आणि तिथवर चढायला एक-दोन टप्पे. कपाट भिंतीला अडकवलेलं असलं पाहिजे, कारण पिल्लू चढताना बघून मूलही चढायचा प्रयत्न करणार. दारात मुलांचं फाटक लावत असाल तर खाली पिल्लापुरती फट ठेवा, मुलाचं डोकं जाणार नाही एवढीच. आणि सांदी बंद करा. कपाट आणि भिंत, सोफा आणि कोपरा, पलंगाखालचा आतला भाग, जिथे पिल्लू शिरेल पण दुसऱ्या बाजूने निघू शकणार नाही, तिथे उशी कोंबा किंवा वस्तू सरकवून जागा मोकळी करा. आमची ती सांदी मी दुसऱ्याच दिवशी कपाट हातभर सरकवून दोन्हीकडून उघडी केली. पाठलाग त्यानंतरही झाले, पण ठिपका पलीकडून निसटून जातो आणि लेक रिकाम्या जागेकडे बघत उभी राहते.

मुलाचा हात

दीड-दोन वर्षांच्या मुलाला "त्रास देऊ नकोस" हे वाक्य कळत नाही. काय करायचं नाही यापेक्षा काय करायचं ते हातात हात धरून दाखवावं लागतं.

आधी उशीवर सराव. तुमचा हात मुलाच्या हातावर ठेवा, बोटं सरळ, तळवा उघडा, आणि उशीवरून एकाच दिशेने फिरवा. प्रत्येक वेळी एकच शब्द, एकाच सुरात: "हळूऽऽ". उशीवर हात थोपटायला लागला, मूठ वळली की सराव थांबवा, चिडू नका, थोड्या वेळाने पुन्हा. आम्ही हे आठवडाभर केलं. मग बाहुलीवर. मग तुमच्या स्वतःच्या केसांवर, म्हणजे किती जोर लागतोय ते तुम्हालाही कळतं.

पिल्लाजवळ जायची पद्धत ठरलेली असू द्या. मूल जमिनीवर बसलेलं, तुम्ही मागे, पिल्लासमोर किंवा बाजूला मोकळी जागा. एक बोट पुढे करून थांबायचं, पिल्लाने वास घेतला आणि गाल घासला तर पुढे जायचं. हनुवटी, गाल, कानामागचा भाग, पाठ, इतकंच. पोट, शेपूट, पंजे नाहीत. पिल्लू उताणं लोळून पोट दाखवतं तेव्हा मोठी माणसंही फसतात, ते खाजवून घेण्याचं आमंत्रण नसतं. तीन-चार वेळा हात फिरवला की थांबा आणि हात काढून घ्या. पिल्लू परत जवळ सरकलं तर त्याला हवंय. उठून गेलं तर खेळ संपला, आणि हे मुलाला मोठ्याने सांगा: "माऊला आता पुरे झालं, टाटा."

उचलून घेणं नको. या वयाच्या मुलाला दोन हातांनी छाती आणि मागचे पाय एकदम तोलून धरता येत नाहीत, ते पोटावरून मिठी मारतं आणि पिल्लू गुदमरून नख्या काढतं. साधारण पाच वर्षांपर्यंत आमच्या घरी मांजर मांडीवर येईल तेव्हाच, आणि मांडी जमिनीवर टेकलेली, असा नियम राहणार आहे.

मुलाने शेपूट ओढलीच तर? ओरडू नका. ओरडण्याने पिल्लू घाबरून झटका देतं आणि शेपूट ओढली की काहीतरी घडतं हे मुलाच्या ध्यानात राहतं. मुलाच्या मनगटावर अंगठ्याने हलका दाब देऊन मूठ उघडा, पिल्लाला जाऊ द्या, मग मुलाला तिथून उचलून दुसऱ्या कामाला लावा. दिवसातून दहा वेळा करावं लागलं तरी दहा वेळा. या वयात स्वतःला आवरण्याची ताकद मेंदूत अजून तयार व्हायची असते, म्हणून आवरणारा हात काही वर्षं तुमचाच असणार.

पिल्लाचा दात

दुसरी बाजूही तितकीच. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे सव्वीस दुधाचे दात पडतात आणि कायमचे तीस येतात. तेव्हा ते दिसेल ते चावतं. गंमत म्हणजे याच सुमारास माझ्या लेकीच्या दाढा येत होत्या, आणि एक दिवस दोघं एकाच कापडी सशाच्या दोन कानांना लागलेले मी पाहिले. दोघांची खेळणी वेगळी ठेवा. ओळखायला सोपं जावं म्हणून आमच्याकडे ठिपक्याची खेळणी लाल पिशवीत आणि पिशवी खुंटीवर.

हाताशी खेळवू नका. छोटं पिल्लू बोटांवर झडप घालतं तेव्हा गोड वाटतं, घरातली मोठी माणसं हमखास पांघरुणाखाली पाय हलवून त्याला उचकवतात, आणि त्याला कळतं की माणसाचा हात-पाय म्हणजे सावज. मग मुलाचे दुडूदुडू पाय त्याला दिसले की तेच होतं. आजी-आजोबा, पाहुणे, सगळ्यांना हे समजावून सांगा. चावलं तर हात झटकू नका, झटकलेला हात पळणाऱ्या सावजासारखा वाटतो. हात स्थिर ठेवा, सुटला की उठून निघून जा. नाकावर टिचकी, पाण्याचा फवारा यांनी पिल्लू एवढंच शिकतं की माणसं घाबरवणारी असतात, आणि मग ते त्यांच्यातल्या सगळ्यात छोट्या माणसावर भीती काढतं.

त्याऐवजी काठीला बांधलेलं पीस किंवा कापडाचा तुकडा. तो पिल्लाच्या अंगावर नाचवू नका, त्याच्यापासून दूर पळवा, खुर्चीच्या पायामागे लपवा, क्षणभर स्थिर ठेवा. पिल्लू दबा धरतं, मागचा भाग डोलवतं, झेपावतं. शेवटी त्याला ते पकडू द्या आणि लगेच खाऊ घाला. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप असा त्याचा क्रम असतो. दहा-पंधरा मिनिटांचा असा खेळ दिवसातून दोनदा झाला तर पडद्यावरच्या चढाया निम्म्याने कमी होतात, हा आमचा अनुभव. काठी मोठ्यांच्या हातात, खेळ संपला की दोरीसकट कपाटात. लेझरचा दिवा घरात नकोच, मुलाच्या डोळ्यांना तो धोक्याचा.

नखांची फक्त पारदर्शक टोकं दर पंधरा-वीस दिवसांनी कापा, आतल्या गुलाबी भागाला धक्का न लावता. नखं कायमची काढून टाकायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका, त्यात बोटाचं शेवटचं हाडच कापलं जातं.

खाणं आणि ट्रे

सहा महिन्यांपर्यंत पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. वाटी मुलाच्या हाताबाहेर, उंचावर किंवा फाटकापलीकडे ठेवा. मांजर डोळे मिटून दूध पितं असं आपण म्हणतो खरं, पण गाईचं दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही आणि पिल्लांना त्याने जुलाब होतात. पाणी आणि पिल्लांचं खाणं पुरे. मुलाच्या ताटातलं काही खाली पडलं तर लगेच उचला. कांदा, लसूण आणि चॉकलेट मांजराला विषारी आहेत.

ट्रे मुलाला वाळूचा खेळ वाटतो, यात त्याची चूक नाही. तोही फाटकापलीकडे, शांत जागी, आणि शक्यतो दोन: मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त ठेवावा. ट्रेवर बसलेलं असताना मुलाने गाठलं तर पिल्लू ती जागाच टाकतं आणि पलंगावर करायला लागतं. घाण रोज उचला. टोक्सोप्लाझ्माचे, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या एका परजीवीचे, जंतू विष्ठेतून बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्ग देण्याजोगे होतात, म्हणून रोजच्या सफाईने धोका बराच टळतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

ओरखडा उमटला तर

आधी मूल आणि पिल्लू वेगळ्या खोल्यांत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटं धुवा. मूल रडेल, तरी धुवा, गाणी म्हणत धुवा. मग मुलांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पिल्लाच्या लसींचा कागद सोबत न्या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर तो जवळपास नेहमीच जीव घेतो, म्हणून लस पूर्ण न झालेल्या पिल्लाचा बारीक ओरखडाही अंगावर काढू नका. धनुर्वाताच्या लसीचंही तेव्हाच विचारा. दात लागला असेल तर उशीर नको. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरून ठिपक्याएवढी दिसणारी जखम आत खोल जाते आणि दिवसाभरात चिघळू शकते. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, काखेत किंवा मानेत गाठ जाणवली, तर डॉक्टरांना ओरखड्याची आठवण करून द्या. अंगावर गोल, कडा लाल असलेला चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो. पिल्लांमधून तो मुलांना सहज लागतो, दोघांचे उपचार एकदमच करावे लागतात.

संध्याकाळचे सहा

मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात चपळ असतात, हे त्यांच्या रक्तातलं आहे. मूलही त्याच वेळी थकून हट्टाला येतं. दोन्ही बदलता येत नाहीत, तर त्यांची वेळ वेगळी करता येते. आमच्याकडे साडेपाचला एक जण ठिपक्याला आतल्या खोलीत काठीने दमवतो, मग त्याला खायला देतो. त्याच वेळी दुसरा लेकीची आंघोळ उरकतो. ती बाहेर येते तेव्हा ठिपका कपाटाच्या माथ्यावर अंग चाटत बसलेला असतो. एकटंच माणूस घरी असेल तर आधी मुलाला जेवणाच्या उंच खुर्चीत बसवा आणि तिथून ते बघत असताना पिल्लाला खेळवा. मुलाला त्याचीही मजा वाटते.

दुपारी मूल झोपलं की पिल्लालाही झोपू द्या. दिवसाचे अठरा-वीस तास ते झोपणार, आणि झोपलेल्याला कुणी हात लावायचा नाही, ना मोठ्यांनी ना छोट्यांनी. रात्री मुलाच्या झोपायच्या खोलीचं दार बंद. पिल्लू दाराशी ओरडेल, दोन-चार रात्री जातील. झोपण्याआधी पुन्हा एकदा दहा मिनिटं खेळवून शेवटचं खाणं दिलं तर ओरडणं लवकर थांबतं.

दोघांना नजरेआड एकत्र सोडायचं नाही, अगदी दाराची बेल वाजली तरी. बेल वाजली की एकाला उचला. मी लेकीला उचलते, कारण ठिपक्याला तोवर त्याची वाट सापडलेली असते.

काल तो तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला आणि तिच्याकडे बघत डोळे सावकाश मिटून उघडले. मांजराला निवांत वाटतं तेव्हा ते असं करतं. मी तिला म्हटलं, तूही कर. तिला एक डोळा मिटता येत नाही, दोन्ही घट्ट मिटून तिने तोंडही उघडलं. ठिपका तिथेच बसून राहिला.